जुन्नर-आंबेगावचा बैलगाडा आणि घरातली मारहाण

बैलगाडा शर्यत हा पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातला सर्वांत मोठा खेळ. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुक्यांत क्रिकेटच्या स्पर्धा होतात, कुस्त्यांचे आखाडे भरतात, कबड्डीही रंगते. पण वर्गणी, पाहुणे, मानपान, राजकारण आणि उधारी यांना एकाच दिवशी एका माळावर आणून उभे करणारा खेळ बैलगाड्याचाच. तो गावच्या यात्रेला बांधलेला असतो आणि यात्रा घराला. त्यामुळे घाटात जे घडते त्याचा हिशेब संध्याकाळी घरी येतो. काही घरांत तो इनामाच्या ढालीसोबत येतो, काही घरांत मारहाणीसोबत.

शर्यतीच्या जागेला या भागात ‘घाट’ म्हणतात. चढाची, दोन्ही अंगांना माणसे बसतील अशी ही धावपट्टी. दक्षिण महाराष्ट्रातल्या शर्यतीत दोन बैलांची छकडी आणि तिच्यावर हाकणारा असतो. जुन्नर-आंबेगावच्या गाड्याला चार बैल, त्यांच्यापुढे घोडी आणि घोडीवर स्वार. गाड्यावर मात्र कोणी नसते. बैल घोडीमागे पळतात. गाडे एकेक करून सुटतात, प्रत्येकाची ‘बारी’ घड्याळावर मोजतात आणि दहा-पंधरा सेकंदांत सारे संपते. लाउडस्पीकरवरचा ‘भिर्रर्र’ विरतो न विरतो तोच पुढच्या गाड्याचे नाव पुकारले जाते. सर्वांत कमी वेळात घाट चढणारा गाडा त्या दिवशीचा ‘घाटाचा राजा’ ठरतो. यात्रेच्या फलकांवर शेकडो वर्षांच्या परंपरेचा उल्लेख हमखास असतो. बैलांच्या शर्यती जुन्या आहेतच, पण आज दिसणारी शर्यत ज्या वस्तूंवर उभी आहे त्या, म्हणजे सेकंद दाखवणारे घड्याळ, ध्वनिक्षेपक, छापील पत्रिका, टेम्पोतून येणारे बैल, रोख आणि वाहनांची बक्षिसे, विसाव्या शतकातल्या आणि त्यानंतरच्या आहेत.

शर्यतीचा बैल शेतात जुंपला जात नाही. तो बहुधा खिल्लार असतो, त्याला दूध, अंडी, तूप, पेंड, कणकेचे गोळे असा खुराक लागतो आणि त्याची किंमत लाखांत जाते. मालकाच्या नावाने बारी पुकारली जाते. त्याच बैलाचे शेण काढणे, पाणी दाखवणे, वैरण टाकणे, खुराक शिजवणे ही कामे घरातल्या बाईकडे असतात. बैल तिला ओळखतो, तिच्या हाकेला वळतो. घाटात मात्र तिला परवापरवापर्यंत जागा नव्हती. शर्यत पुरुषांनी पाहायची आणि बायकांनी घरी पाहुण्यांची सोय बघायची, अशी वाटणी रूढ होती.

यात्रांचा हंगाम शेतीच्या वेळापत्रकातून ठरला. थापलिंगच्या खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. तिथून पुढे माघ आणि फाल्गुन ओलांडून चैत्र-वैशाखात गावोगावच्या भैरवनाथाच्या, खंडोबाच्या, मुक्ताबाईच्या यात्रा एकामागून एक येतात. रब्बी निघालेली असते, गहू-हरभरा घरात आलेला असतो, कांद्याचे चार पैसे हातात असतात आणि पावसाला अवकाश असतो. यात्रेच्या दिवसाचा क्रमही ठरलेला. पहाटे देवाला अभिषेक, मग मांडवडहाळे वाजतगाजत देवळाशी नेणे, शेरणी वाटणे, दिवसभर गाडे, दुपारनंतर कुस्त्यांचा आखाडा, रात्री पालखी आणि छबिना, त्यानंतर तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाच्या हजेऱ्या. एक दिवस पुरणपोळीचा, एक दिवस मटणाचा. ज्या घरात एरवी पाच माणसे जेवतात तिथे पन्नास पाने उठतात आणि चूल दोन दिवस विझत नाही.

या दिवसांत लग्न झालेल्या मुली माहेरी येतात. घरातल्या हिंसेच्या इतिहासात या रिवाजाला फार महत्त्व आहे. वर्षभर सासरी काय सोसले हे सांगण्याची आणि अंगावरचे वळ आईच्या नजरेस पडण्याची संधी यात्रेतच मिळते. पण त्याच यात्रेत जावई मानाचा पाहुणा असतो. त्याच्यापुढे ताट आधी यायला हवे, टोपी-उपरण्याचा मान चुकायला नको, आणि देवाच्या दिवशी घरात वाद नको. त्यामुळे मुलीने आईच्या कानात सांगितलेले बहुतेक वेळा तिथेच राहते. जावयाचा मान राहिला नाही म्हणून परत गेल्यावर मुलीला बोल लागतात, प्रसंगी हातही उठतो. हे मराठी खेड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशी भागापासून सुरू करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात सासुरवास, नवऱ्याचा मार आणि भावाची वाट पाहणे हे विषय पुन:पुन्हा येतात. पोलिसांच्या दप्तराच्या कितीतरी आधी या भागातल्या मारहाणीची नोंद पहाटेच्या जात्यावर झालेली आहे.

तमाशाचा संबंधही याच दिवसांशी आहे. जुन्नर तालुक्यातले नारायणगाव हे तमाशा फडांच्या बाजारपेठेचे गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालक तिथे राहुट्या टाकतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात आणि सुपारी ठरते. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांना राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरवले गेले. प्रयोग चालू असताना कनातीमागे बाळंत होऊन त्या पुन्हा प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. कनातीपुढे बसलेला प्रेक्षक त्या काळी जवळजवळ सगळा पुरुषांचा असे. फेटे उडत, दौलतजादा होई, आणि घरातल्या बाईने साठवलेल्या पैशांतून तो होई तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या भांडणाला ते कारण पुरे असे. एका बाईच्या कलेवर उधळलेला पैसा दुसऱ्या बाईच्या घरातून निघालेला असायचा, आणि दोघींच्याही हाती त्यातले थोडेच लागायचे.

यात्रेतली दारू हा या साऱ्याला जोडणारा धागा. तिचा इतिहास सरकारी कायद्यांतून वाचता येतो. सह्याद्रीच्या कडेच्या गावांत मोहाची दारू घरोघरी गाळली जात असे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे आणि विकणे मक्त्याखाली आणले. घरची दारू गुन्हा झाली आणि दुकानची दारू महसूल. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी आली. बंदीत दारू थांबली नाही. ती ओढ्याकाठी, उसाच्या फडात, हातभट्टीवर गेली. साठच्या दशकापासून बंदी टप्प्याटप्प्याने सैल होत गेली, परवाना आला, देशी दारूची दुकाने आली. कायद्याच्या नावात ‘दारूबंदी’ आजही आहे आणि त्याच कायद्याखाली दुकानांना परवाने मिळतात. याच कायद्याच्या १४२ व्या कलमाने जिल्हाधिकाऱ्याला शांततेसाठी दुकाने बंद ठेवण्याचा अधिकार दिलेला आहे, आणि मोठ्या यात्रांना तो वापरता येतो. पिणारे आदल्या दिवशी बाटल्या आणून ठेवतात, हा त्यावरचा गावचा उपाय.

खेळाचा दिवस आणि घरातली मारहाण यांचा संबंध आकड्यांत मांडण्याचे काम प्रथम परदेशात झाले, आणि त्याची सुरुवात एका फजितीने झाली. जानेवारी १९९३ मध्ये अमेरिकेत ‘सुपर बोल’ या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या तोंडावर काही स्त्री-संघटनांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितले की सामन्याच्या दिवशी बायकांना होणारी मारहाण ४० टक्क्यांनी वाढते. पत्रकारांनी मूळ अभ्यास शोधला तेव्हा अभ्यासकांनीच असा निष्कर्ष काढला नसल्याचे सांगितले. विषय काही वर्षे हास्यास्पद ठरला. २०११ मध्ये डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांनी पोलिसांच्या नोंदी सामन्यांच्या निकालांशी ताडून पाहिल्या. जिंकेल असे सर्वांनी धरून चाललेला स्थानिक संघ हरला की पुरुषांनी घरात बायकोवर केलेली मारहाण सुमारे १० टक्क्यांनी वाढत होती. सामना अटीतटीचा ठरेल अशी अपेक्षा असताना संघ हरला तर अशी वाढ दिसत नव्हती. अपेक्षाभंगाचा राग घरी निघत होता, आणि अनपेक्षित विजयाने तेवढी मारहाण कमीही होत नव्हती.

इंग्लंडमधून आलेले आकडे याहून अस्वस्थ करणारे होते. लँकेशायर पोलिसांच्या २००२, २००६ आणि २०१० च्या फुटबॉल विश्वचषकांच्या काळातल्या नोंदींत इंग्लंड हरले त्या दिवशी घरगुती हिंसेच्या घटना ३८ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. जिंकले किंवा बरोबरी झाली त्या दिवशीही वाढ २६ टक्के होती. वेस्ट मिडलँड्समधल्या अभ्यासात इंग्लंडच्या विजयाच्या दिवशी दारूशी जोडलेल्या घटना ४७ टक्क्यांनी वाढल्या. मँचेस्टरच्या आठ वर्षांच्या नोंदींनी तासांचा हिशेब दिला. सामना चालू असताना मारहाण थोडी कमी होते, कारण पुरुष पडद्यासमोर असतात. सामना संपल्यावर ती तासातासाने चढत जाते आणि दहा-बारा तासांनी सर्वांत वर पोहोचते. तिथे सामन्याच्या निकालापेक्षा सामना किती लवकर सुरू झाला, म्हणजे प्यायला किती वेळ मिळाला, हे निर्णायक ठरले.

या अभ्यासांचा सरळ तर्जुमा जुन्नरच्या माळावर लागू करता येत नाही, पण त्यांतले दोन धागे इथे ओळखीचे वाटतात. पहिला अपेक्षाभंगाचा. फुटबॉलमध्ये हरणारा संघ दुसऱ्याचा असतो. घाटात हरणारा बैल घरचा असतो, त्याच्यावर कर्ज काढलेले असते, आणि बारी फसली हे ध्वनिक्षेपकावरून सगळ्या सोयऱ्यांना ऐकू जाते. दुसरा धागा वेळेचा. गाडे सकाळी सुटतात आणि दिवे लागेपर्यंत चालतात. मँचेस्टरच्या नोंदींनी दाखवलेला तो लांब, रिकामा, पिण्याजोगा दिवस यात्रेत आयताच मिळतो, आणि त्याच्या शेवटी दिवसभर चुलीपुढे राबलेली बाई घरी असते. भाकरी गार झाली, पाहुण्यांपुढे उलटे बोलली, पैसे देईना, एवढेही निमित्त चालते. निमित्ताला कारण समजण्याची चूक मात्र या विषयावर लिहिताना फार होते. बैलामुळे किंवा दारूमुळे हात उठत असता तर तो घाटात शेजाऱ्यावरही तितक्याच सहज उठला असता. तिथे तो आवरला जातो, कारण शेजारी उलटून मारू शकतो.

दारूचा वाटा भारतीय आकडेवारीतही स्पष्ट आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ज्यांचे नवरे वारंवार दारूच्या नशेत असतात अशा स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. नवरा न पिणाऱ्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. दुसरा आकडा सहसा मागे राहतो. एक थेंबही न पिणाऱ्यांच्या घरांत दर चार-पाच बायकांमागे एकीने मार खाल्लेला आहे. यात्रा बंद केली, दुकान हलवले, तरी एवढी मारहाण जागच्या जागी राहणार.

सत्तरच्या दशकापासून या भागाचे अर्थकारण बदलले आणि शर्यतीचे रूपही. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे झाली. कालव्यांच्या पाण्यावर ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे आली. जुन्नरमध्ये विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. ट्रॅक्टर आला तसा नांगराचा बैल गोठ्यातून गेला. गंमत अशी की शेतातला बैल जसजसा कमी होत गेला तसतसा घाटातला बैल महाग झाला. तो आता कष्टाचा सोबती उरला नव्हता; तो घराण्याचा झेंडा झाला होता. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात, डिंभ्याच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली तिथे, हा पैसा पोहोचला नाही. पूर्वेकडच्या बागायती गावांत यात्रेचा खर्च वाढत गेला. बक्षिसांत भांड्यांच्या जागी मोटारसायकली आल्या, मग ट्रॅक्टर, मग चारचाकी. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत झालेल्या शर्यतीत जेसीबी यंत्र बक्षीस होते. घरातल्या खर्चाचा निर्णय कोण घेतो, या जुन्या प्रश्नाला लाखांची किंमत आली. बायकोच्या नावावरचे बचत गटाचे कर्ज बैलाच्या खुराकात जाऊ लागले, की तिच्या ‘नाही’ म्हणण्याचा अर्थही बदलतो.

क्रूरता हा शब्द भारतीय फौजदारी कायद्यात बैलाच्या वाट्याला आधी आला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी बायकोला दिलेली क्रूर वागणूक हा भारतीय दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा झाला तो २३ वर्षांनी, १९८३ मध्ये, कलम ४९८-अ म्हणून. त्यामागे हुंडाबळींविरुद्ध देशभर उभे राहिलेले आंदोलन होते. पुण्यात १९८२ मधल्या मंजुश्री सारडा मृत्यूप्रकरणाने मध्यमवर्ग हादरला होता. १९८३ मध्येच स्त्री मुक्ती संघटनेचे ‘मुलगी झाली हो’ हे ज्योती म्हापसेकरांचे नाटक महाराष्ट्रभर फिरू लागले. शेतकरी स्त्रियांमध्ये हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. आंबेगावच्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या चाकणच्या कांदा आंदोलनातून वाढलेल्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला महिलांचे अधिवेशन भरवले. दारूची दुकाने आणि नवऱ्याच्या नावावरची जमीन हे दोन्ही विषय तिथून गावात गेले. मग २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम आला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. या कायद्याने मारण्याबरोबर शिवीगाळ, पैसे अडवणे आणि घराबाहेर काढणे यांनाही हिंसा म्हटले, आणि तुरुंगाच्या आधी राहण्याचा हक्क दिला.

बैलाचा खटला मात्र अधिक गाजला. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शर्यतींवरची बंदी कायम ठेवली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या शर्यतीही बेकायदा ठरवल्या. जानेवारी २०१६ ची केंद्राची सवलत देणारी अधिसूचना आठवड्याच्या आत स्थगित झाली. २०१७ मध्ये विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना वाट दिली. उच्च न्यायालयाने तीही अडवली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या दहा वर्षांत मोर्चे निघाले, रास्ता रोको झाले, निवडणुकांच्या सभांत बैल आला. शिरूरचे खासदार अमोल कोल्हे यांनी बंदी उठल्यास घाटात घोडी धरण्याचा, म्हणजे गाड्यापुढे घोडी पळवण्याचा, शब्द दिला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये खेड तालुक्यातल्या निमगावच्या खंडोबाच्या घाटात त्यांनी तो पाळला.

केंद्राच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड होता. २०१७ च्या राज्य दुरुस्तीने शर्यतीत बैलाला इजा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड ठेवला. कलम ४९८-अ खालीही शिक्षा तीन वर्षांपर्यंतच आहे. १ जुलै २०२४ पासून तेच कलम भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या क्रमांकांनी आले, शिक्षेची मुदत तीच. तीन वर्षांचा हा योगायोग असेलही. पण बैलाच्या बाजूने साक्ष देणारी माणसे पूर्ण घाटभर असतात, चित्रीकरण होते, पशुवैद्य हजर असतो. घरातल्या घटनेला साक्षीदार म्हणून सासू, दीर आणि लहान मूल.

गावात असा वाद प्रथम पोलिस पाटलापुढे किंवा जुन्या माणसांपुढे जातो. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्य सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली आणि गावोगाव समित्या बसल्या. बांधाचे, पाणीवाटपाचे वाद मिटवण्यात या समित्यांचा उपयोग झाला. नवरा-बायकोचे भांडणही त्यांनी त्याच पद्धतीने ‘मिटवायला’ घेतले, म्हणजे नवऱ्याने चारचौघांत चूक कबूल करायची, बायकोने घरी परतायचे आणि गावाने पुरस्काराच्या यादीत एक तंटा कमी दाखवायचा. बांध सरकवला तर मोजणी करता येते; इथे मोजायचे काय, हा प्रश्न समितीला सहसा पडत नाही. तरीही हे सर्वस्वी निरुपयोगी म्हणता येत नाही. तालुक्याच्या गावी जायला ज्या बाईकडे एसटीचे भाडे नसते, तिला चावडीवर का होईना, आपले म्हणणे उघड मांडता येते.

बायकांनी स्वतः धरलेली वाट दारूच्या दुकानाकडे जाते. जुन्नरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने झालेली दारूबंदी, पिणाऱ्याला खांबाला बांधण्याच्या तिच्या वादग्रस्त पद्धतीसकट, या भागात घरोघरी माहीत आहे. २००८ च्या शासकीय आदेशाने मतदानाची रीत घालून दिली. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घ्यायचे, चिन्हे दोन, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद होण्यासाठी मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात. त्यामुळे त्या दिवशी जिला घराबाहेर पडू दिले नाही, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीत जमा होते. शिवाय हे मतदान परवानाधारक दुकानापुरते. हातभट्टीला परवानाच नाही, म्हणून आडवी करायला तिच्याकडे बाटलीही नाही.

शर्यती पुन्हा सुरू झाल्यावर घाटातले दृश्य थोडे बदलले. काही गावांत बायकांसाठी बसायची वेगळी सोय होऊ लागली, काही घाटांत मुली घोडी धरू लागल्या आणि त्यांच्या चित्रफिती मोबाइलवरून फिरल्या. चाबूक, काठी, विजेचा धक्का देणारी यंत्रे यांवर बंदी आहे. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी, अनामत रक्कम, बैलांची वैद्यकीय तपासणी आणि शर्यतीचे चित्रीकरण या अटी पाळाव्या लागतात. पूर्वी बारीला बैल पळाला नाही की त्याच्या पाठीवर आसूड पडे. आता तो पडताना दिसला तर परवानगी धोक्यात येते. दिसणे हाच इथे कायद्याचा आधार आहे.

घरातल्या मारहाणीसाठी कायद्याने ठेवलेला कागद वेगळा. २००५ च्या कायद्याखालच्या नियमांत ‘घरगुती घटना अहवाल’ हा पहिला नमुना आहे. तो संरक्षण अधिकारी भरतो आणि तो जुन्नरच्या किंवा घोडेगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो. त्यात घटनेची तारीख, वेळ आणि ठिकाण, मारणारा कोण, हिंसा कोणत्या प्रकारची, असे रकाने आहेत. गावातल्या बाईच्या बोलण्यात तारीख क्वचित येते. ‘यात्रेच्या दुसऱ्या दिवशी’, ‘पालखीच्या रात्री’, ‘गाडे होते तेव्हा’ असे ती सांगते, आणि समोर बसलेला माणूस पंचांग किंवा यात्रेची पत्रिका पाहून रकान्यात तारीख घालतो. पत्रिकेतला यात्रेचा उल्लेख कागदावर येत नाही. रकान्यात फक्त आकडा उरतो.